सहा महिन्यांत माफी: किरोव्ह प्रांतातल्या एका खेड्याचे प्रकरण

मार्च 2023 मध्ये रशियाच्या किरोव्ह प्रांतातल्या एका लहानशा खेड्यात गावसभा भरली. विषय एकच, गावातला एक माणूस. वय अठ्ठावीस. 2020 मध्ये खुनाबद्दल त्याला 14 वर्षांची शिक्षा झाली होती. म्हणजे गावाच्या हिशेबाने तो 2030 उलटल्यावर दिसायचा. तो तीन वर्षांत दिसला. हातात कधी कुऱ्हाड, कधी सुरा, कधी गवत उचलायचे दाताळे, आणि तोंडाने सगळ्यांना संपवतो अशा धमक्या. सभेला आलेल्या पोलीस अधिकाऱ्याने गावाला शब्द दिला, की 28 मार्चला याला परत युक्रेनच्या आघाडीवर रवाना करू. मार्च संपायच्या आत त्याच तालुक्यातल्या 85 वर्षांच्या एका आजींचा खून झाला होता. खून त्यानेच केला होता.

गावाचे, माणसाचे आणि आजींचे नाव इथे मुद्दाम दिलेले नाही. रशियन बातम्यांत ती सगळी छापून आलेली आहेत, पण आपल्याला ती लागणार नाहीत. आपल्याला बघायचे आहे ते एवढेच, की इतक्या लोकांना इतके आधी ठाऊक असताना हे अडले का नाही.

पार्श्वभूमी: तुरुंगाच्या पटांगणातली भरती

24 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनवरचे मोठे आक्रमण सुरू झाले, तेव्हा रशियाला वाटले होते की काम काही दिवसांचे आहे. उन्हाळ्यापर्यंत माणसे कमी पडू लागली. सक्तीची भरती जाहीर करणे राजकीयदृष्ट्या महागात पडणारे होते (ती शेवटी 21 सप्टेंबरला करावीच लागली). त्या मधल्या काळात वाग्नर या खासगी सैन्याने तुरुंगांकडे मोर्चा वळवला. त्याचा मालक येवगेनी प्रिगोझिन स्वतः तरुणपणी दरोड्याच्या गुन्ह्यात जवळपास नऊ वर्षे आत काढून 1990 मध्ये सुटलेला. कैद्यांशी कोणत्या भाषेत बोलायचे हे त्याला शिकवावे लागले नाही.

सप्टेंबर 2022 मध्ये त्याचा एक व्हिडिओ बाहेर आला. मारी-एल प्रजासत्ताकातल्या योश्कार-ओला शहरातल्या कैदी वसाहतीत, म्हणजे तुरुंगात, तो चित्रित झाला होता. (हे नाव मराठी घरांत अगदीच अनोळखी नाही. तिथल्या विद्यापीठात आपल्याकडची बरीच मुले डॉक्टरकी शिकतात.) पटांगणात काळ्या कपड्यांतले कैदी गोल करून उभे, मध्ये टक्कल पडलेला प्रिगोझिन. सौदा साधा: सहा महिने लढा, जगलात तर माफी, परत तुरुंगात कोणी यायचे नाही. पळालात तर गोळी. विचार करायला पाच मिनिटे. लैंगिक गुन्ह्यातल्यांना आपण जरा जपूनच घेतो, असेही तो म्हणाला आणि लगेच जोडले, की चुका माणसाकडून होतातच.

वाग्नरमध्ये कैद्यांसाठी वेगळा पट होता. त्यांच्या बिल्ल्यांवर ‘का’ हे रशियन अक्षर असे. प्रिगोझिननेच मे 2023 मध्ये सांगितल्याप्रमाणे सुमारे 50,000 कैदी घेतले आणि त्यांतला दर पाचवा माणूस पूर्व युक्रेनमधल्या बाख्मुत शहराच्या लढाईत मेला. आपला माणूसही याच भरतीतून गेला होता. तो मेला नाही. सहा महिने भरले आणि तो गावी आला.

तुरुंगातली दुसरी वही

हा भाग सोडून पुढे गेले तर प्रकरण अर्धेच कळेल. रशियन तुरुंगात दोन वह्या चालतात. एक सरकारची. दुसरी चोरांची.

चोरांच्या वहीचे वरचे पान म्हणजे ‘वोर व झाकोने’, शब्दशः कायद्यातला चोर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कायद्याला बांधलेला. त्याच्याखाली प्रत्येक बराकीत, प्रत्येक वसाहतीत एक ‘स्मोत्र्याश्ची’, म्हणजे नजर ठेवणारा. ‘ओब्श्चाक’ नावाची सामायिक तिजोरी. साधे कैदी म्हणजे ‘मुझिक’. तुरुंग प्रशासनाचे काम करणारा तो ‘कोझ्योल’, बोकड. आणि सगळ्यात तळाला बहिष्कृत. त्यांना कोणी स्पर्श करत नाही, त्यांच्या ताटातले कोणी खात नाही, आणि चुकून भांडी मिसळू नयेत म्हणून त्यांच्या चमच्याला, मगाला भोक पाडून ठेवतात. वेगळ्या कपबशीचा इतिहास ज्यांच्या घरी आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

या वहीतला सगळ्यात जुना नियम: सरकारची चाकरी करायची नाही. गणवेश नाही, बंदूक नाही. दुसऱ्या महायुद्धात हा नियम मोडला गेला. 1941 च्या जुलै आणि नोव्हेंबरमधल्या हुकुमांनी लाखो कैदी सोडून थेट लाल सैन्यात पाठवले गेले. त्यांत पट्टीचे चोरही होते. युद्ध संपले, काही जण पदके लावून परतले, पुन्हा जुन्या धंद्याला लागले, पुन्हा पकडले गेले आणि वसाहतीत पोचल्यावर त्यांना कळले की आपले नाव कटले आहे. आता ते ‘सुका’. शब्दाचा अर्थ कुत्री. मग 1953 पर्यंत गुलाग नावाच्या सोव्हिएत सक्तमजुरीच्या छावण्यांत दोन्ही गटांनी एकमेकांना सुऱ्यांनी आणि पहारींनी मारले. छावण्यांचे अधिकारी कधी कानाडोळा करत, कधी स्वतः काडी लावत, कारण चोरांचे कंबरडे परस्पर मोडत असेल तर त्यांना हवेच होते. ‘सुकांचे युद्ध’ या नावाने ते ओळखले जाते.

2022 मध्ये पेच तोच होता, पण चोरांची ताकद तेवढी उरलेली नव्हती. एप्रिल 2019 पासून गुन्हेगारी उतरंडीत सर्वोच्च स्थानावर असणे हाच रशियात स्वतंत्र गुन्हा आहे, 8 ते 15 वर्षांचा. ‘तू कायद्यातला चोर आहेस का?’ या प्रश्नाला नाही म्हणायला चोरांचा धर्म परवानगी देत नाही, त्यामुळे हा गुन्हा सिद्ध करणे पोलिसांना बरेच सोपे गेले. पटांगणात हेलिकॉप्टर उतरवून कैद्यांना माफी वाटणाऱ्या माणसापुढे असला ‘नजर ठेवणारा’ काय करणार? काही ठिकाणांहून जाऊ नका असे निरोप फिरल्याच्या बातम्या आल्या, काही ठिकाणी ज्याचे त्याने बघावे असे झाले. भरती मात्र थांबली नाही. खंदकात तर भोकाचा मग आणि बिनभोकाचा मग एकाच बादलीत बुडायला लागले.

इथे मला चोरांच्या कायद्याचे गोडवे गायचे नाहीत. तो क्रूर आहे, आणि त्याची सगळ्यात जास्त झळ तुरुंगातल्या दुबळ्यालाच बसते. पण ती एक वही होती. कोण कुठून आला, काय केले, कोणापासून सांभाळून राहायचे, हे तिच्यात लिहिलेले असे. युद्धाने ती कोरी केली. आणि त्याच फटक्यात सरकारचीही.

अडचण: कोऱ्या पाटीचा माणूस

माफी देण्याचा अधिकार रशियन राज्यघटनेच्या 89 व्या कलमानुसार राष्ट्राध्यक्षांचा. एरवी त्यासाठी अर्ज, प्रांतिक आयोग, शिफारस अशी वाट असते. वाग्नरच्या कैद्यांना मिळालेल्या माफीचे हुकूम प्रसिद्धच झाले नाहीत. क्रेमलिनचे प्रवक्ते पेस्कोव्ह यांनी जानेवारी 2023 मध्ये एवढेच सांगितले, की काही हुकूम उघडे असतात, काही गोपनीय. म्हणजे ज्या गावात खुनी परत येणार त्या गावाला, आणि ज्यांच्या घरातले माणूस त्याने मारले त्यांना, हे अगोदर कळण्याची वाटच नव्हती. तो रस्त्यात दिसला की समजायचे, सुटला.

आता खरी गाठ. रशियात 2011 पासून सुटलेल्या कैद्यांवर ‘प्रशासकीय देखरेख’ ठेवण्याचा कायदा आहे. ठराविक दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी, रात्री घराबाहेर पडायला बंदी, दारूच्या गुत्त्यासारख्या जागी जायला मनाई. आपल्याकडे अभिवचन रजेवर आलेल्या कैद्याला स्थानिक ठाण्यात हजेरी लावावी लागते, साधारण त्याच जातीचे. खुनासारख्या अतिगंभीर गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेला माणूस वर्षभरात दोनदा सार्वजनिक शांततेचा भंग करताना सापडला, तर पोलीस कोर्टात जाऊन त्याच्यावर ही देखरेख बसवून घेऊ शकतात.

पण हा कायदा लागू होतो तो दोषसिद्धीची नोंद शिल्लक असलेल्यांना. माफीत शिक्षेबरोबर ती नोंदही पुसली गेली, की बीट अंमलदाराच्या कपाटातल्या फाईलला आधारच राहत नाही. पुढे त्याने पुन्हा खून केला तरी कायद्याच्या नजरेत तो सराईत नव्हे, पहिल्यांदाच गुन्हा करणारा. तीन वर्षांपूर्वी खून करून गेलेला माणूस समोर दाताळे घेऊन उभा, आणि कागदावर तो कोणीही नाही. उलट कागदावर असलाच तर तो वीर.

हे ‘वीर’ प्रकरणही हलके घेऊ नका. 18 मार्च 2023 ला, म्हणजे गावसभेच्या आगेमागेच, सैन्याच्या बदनामीचा कायदा वाढवून त्यात ‘स्वयंसेवक तुकड्या’ही घेतल्या गेल्या. रोख वाग्नरकडे होता हे उघड आहे. आपल्या गावात आलेल्या वाग्नरवाल्याबद्दल कॅमेऱ्यापुढे बोलताना शब्द तोलून वापरायची वेळ गावकऱ्यांवर आली. तरीही ते बोलले. मला या प्रकरणात सगळ्यात धीराची वाटते ती हीच गोष्ट.

कोणापुढे काय पर्याय होते

गावाकडे फारसे काही नव्हते. दारे लावून बसणे, पोरांना एकटे न सोडणे, सभा घेऊन गाऱ्हाणे पुढे नेणे. चारचौघांनी मिळून त्याला धरून बांधायचे, हा विचार कुठल्याही गावात येतोच. पण त्या मार्चमध्ये ‘आघाडीवरून आलेल्या जवानाला मारहाण’ अशी नोंद कोणाच्या अंगाशी आली असती हे सांगायला नको.

पोलिसांपुढे चार वाटा होत्या. पहिली किरकोळ गुंडगिरीची: दंड किंवा जास्तीत जास्त 15 दिवसांची प्रशासकीय कोठडी. सोपी, एका दिवसात होणारी, आणि म्हणूनच सगळ्यांना आवडणारी.

दुसरी, फौजदारी संहितेचे 119 वे कलम, ठार मारण्याची धमकी. शस्त्र हातात, साक्षीदार अख्खे गाव, म्हणजे गुन्हा तर दिसतोच. पण या कलमाला कमाल शिक्षा दोन वर्षे आणि तपासादरम्यान कोठडीत ठेवायला साधारणतः तीन वर्षांवरच्या शिक्षेचा गुन्हा लागतो. म्हणजे गुन्हा दाखल करायचा आणि आरोपीला परत त्याच गल्लीत सोडायचे. तक्रार देणाऱ्याच्या पोटात गोळा आला तर त्याला कोण दोष देईल?

तिसरी, मनोरुग्णालय. 1992 च्या कायद्याप्रमाणे स्वतःला किंवा इतरांना तातडीचा धोका असेल तर माणसाला त्याच्या संमतीशिवाय दाखल करता येते. डॉक्टरांची समिती, मग कोर्ट. सहा महिने बाख्मुतसारख्या ठिकाणी काढून आलेला, हत्यार घेऊन फिरणारा, धमक्या देणारा माणूस: तपासणीला बोलावण्याइतके कारण यात नक्कीच होते. ही वाट चोखाळल्याचे बातम्यांत कुठे दिसत नाही.

चौथी वाट म्हणजे जिथून आला तिकडे पाठवा. कायद्यात या वाटेला नाव नाही. माफी मिळालेला माणूस स्वतंत्र नागरिक असतो. पोलीस त्याला युद्धावर ‘पाठवू’ शकत नाहीत. तरीही सभेत शब्द दिला गेला तो याच वाटेचा, आणि बहुधा गावाला धीरही त्यानेच आला. आपल्याकडे तडीपारीचा हुकूम निघाला की गल्ली सुटकेचा श्वास टाकते, तसेच काहीसे. तडीपारीला निदान हुकूम, मुदत, अपील असते.

काय केले आणि काय झाले

पोलिसांनी पहिली आणि चौथी वाट जोडली. त्याला पाच दिवसांची प्रशासकीय कोठडी झाली, तोवर 28 तारीख येईल, मग रवानगी. पंधरापैकी पाचच दिवस का मागितले वा दिले गेले, याचे उत्तर उपलब्ध नाही. माझा अंदाज असा, की कोठडी हा कोणाच्या मनात उपाय नव्हताच. गाडी येईपर्यंतचा थांबा होता. थांब्याला पाच दिवस पुरतात.

गाडीच्या आधी खून झाला. पोलिसांनी त्याला पकडले, त्याने कबुली दिली.

जून 2023 मध्ये प्रिगोझिनने आकडे सांगितले: 32,000 कैदी करार पुरा करून घरी गेले, त्यांच्या हातून 83 गुन्हे झाले. एरवीच्या सुटलेल्या कैद्यांच्या मानाने हे प्रमाण नगण्य असल्याचा त्याचा दावा होता. हा आकडा पडताळायचा कसा? ज्यांची नोंद पुसली गेली ते पोलिसांच्या आकडेवारीत ‘पूर्वी शिक्षा झालेले’ म्हणून येणारच नाहीत. महिन्याच्या शेवटी त्याने बंड केले, 23 ऑगस्टला त्याचे विमान त्वेर प्रांतात पडले. आता विचारायलाही कोणी नाही.

एप्रिल 2024 मध्ये आपल्या माणसाला खून आणि बलात्कार यांबद्दल 20 वर्षांहून जास्त शिक्षा झाली. आजींच्या नातीने आधीच्या माफीबद्दल उघडपणे प्रश्न विचारले. ऑगस्ट 2024 मध्ये, वसाहतीत नेल्यावर थोड्याच दिवसांत, त्याने पुन्हा लष्कराशी करार केला आणि तो पुन्हा आघाडीवर गेला.

दोनदा वाचले तरी हे वाक्य तसेच राहते.

निर्णय कुठे वेगळा पडू शकला असता

सगळे खापर तालुक्याच्या पोलिसांवर फोडणे सोपे आहे आणि ते मला पटत नाही. त्यांच्याकडे अखत्यार होता तो पाच-पंधरा दिवसांचा. 15 दिवस घेतले असते तर आजी त्या आठवड्यात वाचल्या असत्या, हे खरे. तेवढी चूक त्यांची. त्या दिवसांत मनोविकार तज्ज्ञापुढे उभे केले असते तर कदाचित पुढचेही काही महिने मिळाले असते. धमकीचा गुन्हा नोंदवला असता तर निदान एक नवी फाईल उघडली असती, आणि फाईल उघडली की हजेरी मागता येते.

मोठा निर्णय वर झाला होता आणि तो माफी देण्याचाही नव्हे. युद्धासाठी कैदी वापरणारा रशिया पहिला देश नाही. युक्रेननेही मे 2024 मध्ये कैद्यांना सैन्यात घेण्याचा कायदा केला. पण त्यात सुटका सशर्त आहे, दोन किंवा अधिक माणसे मारणारे आणि लैंगिक अत्याचार करणारे वगळलेले आहेत, आणि हे सगळे संसदेत उघड चर्चा होऊन आले. त्यावरही टीका झाली, ती होणारच. फरक हा, की तिथे कोणाला सोडले हे वहीत राहते. शिक्षा थांबवायची आणि नोंद ठेवायची, असे दोन्ही करता येते. किरोव्हच्या त्या बीट अंमलदाराच्या हातात तेवढे एक कलम जरी असते तरी ‘रात्री घरात आहे का’ हे बघायला तो कायद्याने जाऊ शकला असता.

रशियाने पुढे बदल केले, पण उलट्या बाजूने. फेब्रुवारी 2023 मध्ये वाग्नरने कैदी घेणे थांबवले आणि संरक्षण मंत्रालयाने ते काम स्वतःकडे घेतले. जून 2023 मध्ये या भरतीचा कायदा आला. मार्च 2024 मध्ये खटला उभा राहायच्या आधीच आरोपीला करार करता येईल अशी तरतूद झाली, ऑक्टोबर 2024 मध्ये खटला चालू असलेल्यांनाही. तपास अधिकाऱ्याने पुरावे जमवायचे, आणि आरोपीने एका सहीने प्रकरण बाजूला ठेवायचे.

संघटित गुन्हेगारीच्या अभ्यासकांना इथे अफगाणिस्तान आठवते. तिथल्या युद्धातून 1989 पर्यंत परतलेल्या सोव्हिएत जवानांच्या संघटनांना सरकारने करमुक्त आयातीच्या सवलती दिल्या, दारू-सिगारेटचा पैसा आला, पैशामागून टोळ्या आल्या, आणि 10 नोव्हेंबर 1996 ला मॉस्कोच्या कोत्ल्याकोव्स्कोये दफनभूमीत अशाच एका संघटनेच्या दोन गटांच्या वैरातून स्फोट होऊन 14 माणसे मेली. ते जवान तुरुंगातून गेलेले नव्हते. गावातून गेले आणि टोळीत परतले. आताच्या खेपेला बरेच जण टोळीतूनच गेले आहेत.

एक तपशील उरला. प्रिगोझिनचा करार सहा महिन्यांचा होता. गाव निदान महिने मोजू शकत होते. आताच्या करारात कैद्यांसाठी मुदत नाही, युद्ध संपेपर्यंत लढायचे. त्या तालुक्यात युद्ध संपण्याची वाट बघणारे लोक असतीलच. आजींच्या घरचे ती कशी बघत असतील, ते मला सांगता येत नाही.